चित्रपटाची प्रत कोणाच्या घरीं?

कालचक्राच्या गतीबरोबर मनुष्याच्या करमणुकीचीं साधनेंहि पालटत जातात, हा सर्वांच्या नित्य परिचयाचा अनुभव आहे. जुनें साधन मागें पडलें म्हणून हळहळत बसणें जसें शहाणपणाचें नव्हे, तसेंच नवें साधन हातीं आलें म्हणून त्याच्या गुणदोषांची पारख न करतां त्याच्या मागें धांवणें हेंहि शहाणपणाचें नव्हे. प्रस्तुत लेखांत आम्ही अशाच एका पालटाचा विचार करणार आहों. घरीं बसून चित्रपट पाहण्याची जी रीत गेल्या चाळीस वर्षांत आपल्याकडे रूढ झाली, तींत चित्रपट ही हातांत धरतां येणारी एक वस्तु होती. आधीं ती कॅसेट होती, मग तबकडी झाली. आतां ही वस्तु घरांतून नाहींशी होत आहे, आणि दूरच्या कोण्या यंत्रागारांत ठेवलेला चित्रपट इंटरनेटवरून वाहत येऊन आपल्या पडद्यावर क्षणभर उमटतो व निघून जातो. यासच सर्वत्र स्ट्रीमिंग असें म्हणतात. या पालटानें आपणांस काय मिळालें, आपण काय गमावीत आहों, आणि जें गमावूं नये तें राखण्यासाठीं तुमसरसारख्या गांवानें व तेथील शाळांनीं काय करावें, हें आमच्या विद्यार्थी-वाचकांपुढें मांडण्याचा आमचा हेतु आहे.

आमचें तुमसर हें धानाच्या व्यापाराचें गांव. तुमसर रोड स्थानकावरून तिरोडीकडे जाणारा लोहमार्गाचा फांटा, तालुक्यांतील चिखला व डोंगरी बुजुर्ग येथील मँगेनीजच्या खाणी आणि हंगामांत धानाच्या पोत्यांनीं भरून जाणारा बाजार, ही या गांवाची ओळख. कष्ट करणाऱ्या माणसाला करमणुकीची आवड असणें स्वाभाविक आहे. गायमुखची महाशिवरात्रीची यात्रा, खेड्यांतील दंडार आणि दिवाळीनंतर हिवाळाभर रात्र-रात्र रंगणारीं झाडीपट्टीचीं नाटकें यांवर येथील माणूस पोसला आहे. चित्रपट मात्र पाहावयाचा तर पूर्वीं चित्रपटगृहाकडे गेल्यावांचून गत्यंतर नव्हतें. १९८२ सालच्या दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्तानें दूरदर्शन रंगीत झालें, आणि पुढील कांहीं वर्षांत व्हिडिओ यंत्रें शहरांतून लहान गांवांकडे पोंचलीं. गणेशोत्सवांत, बारशाच्या किंवा लग्नाच्या निमित्तानें, टीव्ही व व्हीसीआर एका रात्रीच्या भाड्यानें आणावा, अंगणांत सतरंज्या अंथराव्या, आणि एकामागून एक तीन चित्रपट पाहून पहाटे डोळे चोळीत उठावें, असा प्रघात विदर्भांतील कित्येक गांवीं पडला.

पुढें कॅसेट मागें पडली व तबकडी आली. १९९६ सालीं जपानांत डीव्हीडी विक्रीस आली. परंतु आमच्या भागांत तिच्याहि आधीं घरोघर शिरली ती स्वस्त व्हीसीडी. एका व्हीसीडींत सुमारें सव्वा तासाचें चित्र मावत असे. म्हणून हिंदी चित्रपटास दोन, क्वचित् तीन तबकड्या लागत, आणि मध्यंतर केव्हां व्हावें हें दिग्दर्शकाऐवजीं तबकडीच ठरवी. डीव्हीडीनें ती अडचण दूर केली, तिच्या ४.७ जीबीच्या पोटांत सबंध चित्रपट सहज मावूं लागला. दहा-पंधरा रुपये घेऊन एका दिवसासाठीं तबकडी देणारीं दुकानें बाजारपेठेंत निघालीं. २००७ च्या सुमारास मोझर बेअर या भारतीय कंपनीनें व्हीसीडी २८ रुपयांस व डीव्हीडी ३४ रुपयांस विकावयास काढली, तेव्हां भाड्यानें आणण्यापेक्षां विकत घेणेंच बरें असें पुष्कळांस वाटूं लागलें. भारनियमनाच्या त्या दिवसांत वीज येण्याची वेळ साधून चित्रपट लावावा लागे, हें खरें. पण एकदां वीज आली कीं मग दुसऱ्या कोणाच्या परवानगीची गरज नसे. एका घरची तबकडी शेजारच्या घरीं जाई, तेथून मामाच्या गांवीं जाई, आणि कधीं ओरखडे घेऊन तर कधीं दुसऱ्याच चित्रपटाच्या वेष्टनांत शिरून परत येई.

यानंतर जें घडलें तें आजच्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांदेखत घडलें. २०१५ सालीं हॉटस्टार, २०१६ च्या जानेवारींत नेटफ्लिक्स व त्याच वर्षाच्या डिसेंबरांत ॲमेझॉन प्राइम व्हिडिओ या सेवा भारतांत सुरू झाल्या. परंतु लहान गांवांपुरता खरा पालट झाला तो ५ सप्टेंबर २०१६ रोजीं जिओची सेवा सुरू झाल्यावर. कारण तेव्हांपासून इंटरनेटचे दर झपाट्यानें उतरले आणि ज्याच्या हातीं साधासा मोबाइल होता त्याच्याहि हातीं एक लहानसें चित्रपटगृह आलें. २०२० सालीं करोनाच्या साथींत चित्रपटगृहें बंद पडलीं, आणि १२ जून रोजीं ‘गुलाबो सिताबो’ हा मोठ्या नटांचा हिंदी चित्रपट चित्रपटगृहाचें तोंडहि न पाहतां थेट घरोघर अवतरला. इकडे तबकडीचा बाजार ओसरत होता. जपानमधील फुनाई कंपनीनें जुलै २०१६ मध्यें व्हीसीआर तयार करणें थांबविलें. यंत्रें बनविणारी ती जगांतील अखेरची कंपनी समजली जात असे. मोझर बेअर कर्जांत बुडाली व २०१८ सालीं तिच्या विसर्जनाचा हुकूम झाला. अमेरिकेंत १९९८ पासून टपालानें तबकड्या भाड्यानें पाठविणाऱ्या नेटफ्लिक्सनें २९ सप्टेंबर २०२३ रोजीं आपली अखेरची तबकडी रवाना केली. तोंपर्यंत तिनें ५०० कोटींहून अधिक तबकड्या पाठविल्या होत्या. ज्या संस्थेनें तबकडीस घराबाहेर काढलें, तिचाच जन्म तबकडीवर झाला होता, हा काळाचा केवढा विनोद!

या नव्या साधनाचे उपकार आम्ही नाकारीत नाहीं. तुमसरच्या रसिकास निवडक चित्रपट पाहण्यासाठीं पूर्वीं भंडाऱ्यास किंवा नागपुरास जावें लागे; आतां तो घरबसल्या पाहतां येतो. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘द डिसायपल’ या मराठी चित्रपटास २०२० सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत पटकथेचें पारितोषिक मिळालें. २०२१ च्या एप्रिलांत तो नेटफ्लिक्सवर आला, आणि जो चित्रपट न्यूयॉर्कचा माणूस पाहूं शकत होता तोच त्याच दिवशीं बावनथडीच्या कांठचा माणूसहि पाहूं शकत होता. हिंदुस्थानी गायकाच्या साधनेवरील असा संथ चित्रपट आमच्या गांवच्या दुकानदारानें तबकडीवर ठेवला असता काय, याविषयीं आम्हांस दाट शंका आहे. पडद्यावर उमटणाऱ्या अक्षरांमुळें ज्यांस कानांनीं ऐकूं येत नाहीं त्यांचीहि सोय झाली आणि परभाषेंतील उत्तम कृति आपल्या आंवाक्यांत आल्या. धूळ, ओरखडे, बुरशी यांची चिंता मिटली. एवढें सारें मान्य करूनच आम्हांस पुढील गोष्ट सांगावयाची आहे.

ती गोष्ट अशी कीं, तबकडी घेतांना आपण एक वस्तु विकत घेत होतों. स्ट्रीमिंगचे पैसे भरतांना आपण केवळ पाहण्याची परवानगी घेतों. या दोहोंतील भेद ध्यानांत येण्यासाठीं त्या यंत्रणेचें स्वरूप थोडक्यांत पाहूं. कंपनीच्या यंत्रागारांत चित्रपटाच्या निरनिराळ्या प्रतीच्या नकला ठेवलेल्या असतात. कांहीं सुबक व जड, कांहीं अस्पष्ट व हलक्या. प्रत्येक नक्कल कांहीं सेकंदांच्या लहान लहान तुकड्यांत कापलेली असते. आपला मोबाइल इंटरनेटचा वेग पाहून पुढचा तुकडा कोणत्या प्रतीचा मागवावा तें ठरवितो. म्हणूनच पावसाळी रात्रीं चित्र मध्येंच धूसर होतें व पुन्हां निवळतें. उत्तम प्रतीच्या चित्रास तासागणिक सुमारें ३ जीबी खर्च होतात, म्हणजे दोन तासांच्या एका चित्रपटासाठीं एका साध्या डीव्हीडींत मावणार नाहीं एवढी सामग्री वाहत येते. आणि तो दुसऱ्यांदां पाहावयाचा तर ती पुन्हां तितकीच वाहून आणावी लागते. पाहून झालेले तुकडे पुसले जातात. जो चित्रपट मोबाइलमध्यें उतरवून ठेवला असें आपण समजतों, त्यावरहि कुलूप असतें, आणि त्याची किल्ली कंपनीच्या हातीं असते. मुदत संपली किंवा वर्गणी थांबली कीं तो उघडत नाहीं. शंभर चित्रपट पाहून झाल्यावरहि आपल्या फळीवर कांहींच उरत नाहीं.

कोणी म्हणेल कीं, आम्हांस फळीवर ठेवावयाचेंच नाहीं. हवें तेव्हां तेथें जाऊन पाहूं. परंतु तें तेथें राहील याची हमी कोणीं दिली आहे? डिस्ने कंपनीनें ‘क्रेटर’ नांवाचा मुलांसाठींचा एक चित्रपट १२ मे २०२३ रोजीं आपल्या स्ट्रीमिंग सेवेवर प्रसिद्ध केला, आणि सात आठवडे होतात न होतात तोंच जूनअखेर तो तेथून काढून टाकला. चित्रपट कंपनीचा स्वतःचाच होता. त्यावर बंदीहि नव्हती. केवळ हिशेबाच्या दृष्टीनें तो ठेवणें तिला सोयीचें वाटलें नाहीं. आपल्याकडेहि एचबीओ या अमेरिकन संस्थेच्या गाजलेल्या मालिका ३१ मार्च २०२३ नंतर हॉटस्टारवरून नाहींशा झाल्या, कांहीं काळानें जिओसिनेमावर प्रकटल्या, आणि १४ फेब्रुवारी २०२५ रोजीं त्या दोन्ही सेवाच एक होऊन जिओहॉटस्टार झाल्या. मालिका तीच, प्रेक्षक तोच. पण घर मात्र वरचेवर बदलतें, आणि प्रत्येक वेळीं नवी वर्गणी भरण्याचा भार प्रेक्षकाच्या माथीं. कॅलिफोर्निया राज्यानें तर २०२५ च्या आरंभापासून असा कायदाच लागू केला कीं, जें परत घेतलें जाऊं शकतें अशा अंकीय मालाच्या दुकानांत, ही केवळ परवानगी आहे असें स्पष्ट सांगितल्यावांचून ‘विकत घ्या’ हे शब्द लिहूं नयेत. ज्या राज्यांत हा धंदा जन्मला तेथील कायदेमंडळालाच शब्दांचा हा खुलासा करावा लागला, यांत सर्व कांहीं आलें.

चित्रपट काढून टाकणें हें निदान डोळ्यांस दिसतें. तो हळूच बदलणें हें दिसतहि नाहीं. १९७१ सालच्या ‘द फ्रेंच कनेक्शन’ या नामांकित अमेरिकन चित्रपटांतील एक लहानसा भाग २०२३ सालीं कांहीं स्ट्रीमिंग सेवांवरील प्रतींतून गळलेला आढळला. त्या भागांत वर्णद्वेषाचा एक हीन शब्द होता. तो राहावा कीं जावा याविषयीं दोन मतें असूं शकतील. परंतु तो गाळल्याची सूचना प्रेक्षकास द्यावयास नको काय? ज्यांच्या घरीं जुन्या तबकड्या होत्या त्यांना ताडून पाहतां आलें. उद्यां ज्याच्यापाशीं ताडून पाहण्यास कांहींच नसेल, त्यास मूळ काय होतें हें कोण सांगणार?

या ठिकाणीं आमच्या वाचकांस मराठी वाङ्मयाच्या इतिहासाचें स्मरण करून देणें अवश्य वाटतें. ज्ञानेश्वरीची मूळ प्रत आज उपलब्ध नाहीं. ती आपणांपर्यंत आली ती नकला करणाऱ्यांच्या हातून. त्या नकलांत पाठभेद शिरले, तेव्हां संत एकनाथांनीं निरनिराळ्या प्रती ताडून १५८४ सालीं शुद्ध पाठ सिद्ध केला. हें कार्य त्यांना करतां आलें याचें कारण प्रती अनेक होत्या व त्या अनेकांच्या घरीं होत्या. एकच प्रत एकाच धनिकाच्या वाड्यांत असती, तर ती जळाली असती किंवा तींत कोणीं फेरफार केला असता, तरी महाराष्ट्रास त्याचा पत्ता लागला नसता. ग्रंथ जगतो तो विखुरलेल्या प्रतींमुळें, हाच याचा अर्थ.

चित्रपटाची गोष्ट याहून निराळी नाहीं; किंबहुना अधिक नाजूक आहे. भारतांत सुमारें १,३०० मूकपट निघाले. त्यांपैकीं आज पूर्ण किंवा तुटक स्वरूपांत सुमारें ३० उरले आहेत. १४ मार्च १९३१ रोजीं मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहांत झळकलेला ‘आलम आरा’ हा आपला पहिला बोलपट. त्याची एकहि प्रत आज अस्तित्वांत असल्याचें ठाऊक नाहीं. जुन्या फितींत चांदीचा अंश असे. ती काढून घेण्यासाठीं कित्येक चित्रपट भंगाराच्या भावानें विकले गेले. ८ जानेवारी २००३ रोजीं पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारांतील कोठारास आग लागून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या जुन्या ज्वालाग्राही फिती भस्मसात झाल्या. ज्यांच्या प्रती अन्यत्र होत्या तेच चित्रपट वांचले. याउलट १९१९ सालचा ‘बिल्वमंगळ’ हा मूकपट आपल्या देशांतून नाहींसा झाला होता. त्याचा कांहीं भाग दूर फ्रान्समधील एका संग्रहालयांत टिकून राहिला, आणि २०१६ सालीं त्याची नक्कल पुण्यास आली. १९६४ सालीं पुण्यांत स्थापन झालेल्या राष्ट्रीय संग्रहालयाचे पहिले क्युरेटर पी. के. नायर यांनीं गांवोगांव हिंडून, धुंडीराज गोविंद फाळके यांच्या कुटुंबीयांपासून रद्दीवाल्यांपर्यंत सर्वांची दारें ठोठावून, जें हातीं लागलें तें गोळा केलें. त्यांना जें मिळालें तें कोणाच्या तरी घरच्या पेटींत पडून होतें म्हणूनच मिळालें. उद्यांचा एखादा नायर कोणाचें दार ठोठावील? आणि दार उघडलें तरी घरांत काय असेल?

आतां आमच्या म्हणण्यावर जे आक्षेप येतील त्यांचा विचार करूं. पहिला आक्षेप असा कीं, तबकड्यांचा तो काळ कांहीं सत्ययुग नव्हता. हें आम्ही मोकळ्या मनानें मान्य करतों. रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या पुष्कळशा तबकड्या चोरट्या असत. चित्रपटगृहांत लपून टिपलेलें अंधुक चित्र, मध्येंच उठून जाणाऱ्या प्रेक्षकाचें डोकें, आणि चित्रपट काढणाऱ्याच्या पदरीं एक पैहि नाहीं, असा तो व्यवहार होता. त्याची भलावण आम्हांस करावयाची नाहीं. परंतु चोरीचा दोष चोराचा, तबकडीचा नव्हे. आणि जो आज रीतसर मूल्य देण्यास तयार आहे, त्यासहि वस्तु न देतां केवळ परवानगी द्यावी, हा त्या चोरीवरील उपाय होऊं शकत नाहीं.

दुसरा आक्षेप असा कीं, तबकडी तरी कोठें अमर आहे? विदर्भाच्या मे महिन्याच्या उन्हांत ती वांकते, बोटांच्या ठशांनीं मळते, आणि कालांतरानें तिचा चकचकीत थरहि खराब होतो. हेंहि खरें आहे. पण पोथीचा कागदहि अमर नव्हता. एक प्रत मरते; अनेक प्रती एकदम मरत नाहींत. शिवाय कडेला धरून हाताळणें, उभी ठेवणें, उन्हापासून व ओलीपासून दूर ठेवणें, एवढ्या साध्या काळजीनें तबकडी पुष्कळ वर्षें टिकते.

तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कंपन्या आपली मालमत्ता जपतीलच आणि सरकारी संग्रहालय आहेच, मग गांवच्या कपाटाची काय मातब्बरी? यावर आमचें उत्तर असें कीं, कंपनी जपते तें किफायतीचें. आणि ‘आलम आरा’ निघाला तेव्हांहि कंपन्या होत्याच. संग्रहालयाचें कार्य थोर आहे, पण एका छपराखालीं ठेवलेल्या ठेव्याची २००३ सालीं काय गत झाली तें वर आलेंच आहे. खेरीज, संग्रहालय चित्रपट सांभाळतें. तो तुमसरच्या मुलाच्या नजरेस पाडणें हें काम त्याला येथें येऊन करतां येत नाहीं. तें काम गांवांतील कपाटच करूं शकतें.

याच संदर्भांत एका घरगुती गोष्टीकडे आम्हांस लक्ष वेधावयाचें आहे. १९८५ पासून पुढील वीस वर्षांत आपल्याकडील लग्नें, मुंजी, शाळांचीं स्नेहसंमेलनें व गांवचीं नाटकें व्हिडिओ कॅसेटवर घेतलीं गेलीं. त्या कॅसेटी आज माळ्यावर पडल्या आहेत. त्यांत आजोबांचा चालताबोलता चेहरा आहे, पाडलेल्या जुन्या वाड्याचें अंगण आहे, हयात नसलेल्या शिक्षकांचा आवाज आहे. पण व्हीसीआर आतां कोणीहि तयार करीत नाहीं. जे उरले आहेत त्यांचे सुटे भाग मिळत नाहींत. आणि दर पावसाळ्यांत त्या फितीवर बुरशीचा एक थर अधिक चढतो. हे चित्रपट कोणतीहि कंपनी स्ट्रीमिंगवर आणणार नाहीं. ज्याच्या घरीं अशी कॅसेट असेल त्यानें यंत्र चालू अवस्थेंत मिळतें आहे तोंवरच तिची अंकीय नक्कल करून घ्यावी, आणि ती एकाच जागीं न ठेवतां दोन-तीन नातलगांकडे ठेवावी. नाहींतर व्हीसीआरबरोबर आपल्या कुटुंबाच्या स्मृतीचा एक भागहि लोपेल.

मग करावें काय? स्ट्रीमिंगवर बहिष्कार घालावा असें आम्ही सुचवीत नाहीं. तसें करणें शक्यहि नाहीं व इष्टहि नाहीं. नित्याच्या करमणुकीसाठीं तें खुशाल वापरावें. परंतु जें पुढच्या पिढीनें पाहावें असें आपणांस वाटतें, तें परक्याच्या यंत्रागारावर सोंपवून स्वस्थ बसूं नये. यासाठीं आम्ही तीन सूचना करतों.

पहिली सूचना शाळांस व सार्वजनिक ग्रंथालयांस. पुस्तकांच्या कपाटाशेजारीं चित्रपटांची एक फळी असावी. ती मोठी नको. वेंचक पन्नास तबकड्याहि पुरे. ‘अयोध्येचा राजा’ हा १९३२ सालचा प्रभातचा पहिला बोलपट, १९३७ सालीं व्हेनिस येथें गौरवला गेलेला ‘संत तुकाराम’, राष्ट्रपतींचें पहिलें सुवर्णपदक मिळविणारा आचार्य अत्रे यांचा १९५३ सालचा ‘श्यामची आई’, अशा चित्रपटांपासून आरंभ करावा, आणि अलीकडील मराठी कृतींची, तसेंच मुलांच्या व माहितीच्या चित्रपटांची भर घालावी. अधिकृत तबकड्या दिवसेंदिवस दुर्मिळ होत आहेत; म्हणून हें काम पुढील वर्षांवर ढकलूं नये. त्यांबरोबर एक चालू तबकडी-यंत्र व एक शिल्लकेंतील यंत्रहि घेऊन ठेवावें. कारण यंत्रावांचून तबकडी म्हणजे डोळ्यांवांचून पोथी.

यांत कायद्याची अडचण येईल अशी भीति कोणी बाळगूं नये. १९५७ सालच्या आपल्या कॉपीराइट कायद्यांत २०१२ सालीं जी दुरुस्ती झाली, तिनें असें स्पष्ट केलें आहे कीं, सरकारी अनुदान मिळणाऱ्या किंवा प्राप्तिकरांतून सूट असलेल्या ना-नफा ग्रंथालयानें व शिक्षणसंस्थेनें कायदेशीरपणें मिळविलेली चित्रपटाची प्रत नफ्यावांचून वाचकास नेऊं देणें, हें व्यापारी भाडें समजलें जात नाहीं. तसेंच शिक्षणसंस्थेच्या कार्यक्रमांत विद्यार्थी, शिक्षक, पालक एवढ्यांपुरता चित्रपट दाखविण्यासहि कायदा मुभा देतो. म्हणजे कायद्यानें दार उघडें ठेवलें आहे. आंत जाण्याचा उत्साह तेवढा आपण दाखवावयाचा. ही मुभा प्रत हातीं असणारास आहे, हें मात्र विसरूं नये. स्ट्रीमिंगची वर्गणी खासगी घरासाठीं असते. ती ग्रंथालयास देतां येत नाहीं व वाचकासहि उसनी नेतां येत नाहीं.

दुसरी सूचना सरकारास. १९५४ च्या कायद्यान्वयें भारतांत प्रसिद्ध होणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची प्रत प्रकाशकास कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे व आणखी तीन ग्रंथालयांकडे विनामूल्य पाठवावी लागते. पुढें त्यांत वृत्तपत्रांचा समावेश झाला. चित्रपटांचा समावेश त्या कायद्यांत नाहीं. जो चित्रपट चित्रपटगृहांतहि आला नाहीं व तबकडीवरहि आला नाहीं, केवळ स्ट्रीमिंगवर आला, त्याची एक उत्तम प्रत राष्ट्राच्या संग्रहीं व दुसरी निराळ्या शहरीं सक्तीनें ठेवविली जावी, अशी तरतूद होणें अत्यंत अगत्याचें आहे. पुस्तकाच्या एका प्रतीसाठीं १९५४ सालीं जें राष्ट्रास सुचलें, तें चित्रपटासाठीं अद्यापि सुचूं नये, हें शोभण्यासारखें नाहीं.

तिसरी सूचना आमच्या विद्यार्थ्यांस. मित्रहो, मोबाइलच्या वीतभर पडद्यावर एकट्यानें कानांत ध्वनियंत्र खुपसून पाहिलेला चित्रपट आणि घरच्या सर्वांबरोबर बसून पाहिलेला चित्रपट यांत फार अंतर आहे. दुसऱ्या प्रकारांत आजीचा प्रश्न असतो, धाकट्या भावंडाचें हसणें असतें, आणि चित्रपट संपल्यावर त्याविषयीं दोन शब्द बोलणें असतें. या बोलण्यांतूनच अभिरुचि घडते. महिन्यांतून एक दिवस तरी घरांत किंवा शाळेंत असा एकत्र चित्रपट पाहण्याचा नेम करा. तुमच्या घरीं जुन्या तबकड्या रद्दींत निघाल्या असतील, तर त्या भंगारवाल्यास देण्यापूर्वीं एकदां पुसून, लावून पाहा. त्यांत एखादा मराठी चित्रपट असा निघेल कीं जो आज कोणत्याच सेवेवर सांपडत नाहीं. अशी अधिकृत तबकडी सांपडल्यास ती शाळेच्या ग्रंथालयास द्या. देणाऱ्याचें नांव वेष्टनावर लिहून ठेवण्यास ग्रंथपालास फार तर एक मिनिट लागेल. परंतु तें नांव पुढील कित्येक वर्षें वाचलें जाईल.

आमच्या गांवच्या धानाच्या व्यापारांत एक व्यवहारज्ञान आहे. हंगामाचें सारें धान शेतकरी विकून टाकीत नाहीं; घरच्या खाण्यापुरतें व बियाण्यापुरतें तो राखून ठेवतो. बाजारांत तांदूळ हवा तेवढा मिळत असला तरी बियाणें घरचें असावें, हें त्यास कोणीं शिकवावें लागत नाहीं. चित्रपटाविषयींहि आम्ही एवढेंच म्हणतों. खाण्यासाठीं बाजार आहे. तो भरलेला असो. पण बियाण्याची कोठी आपल्या घरीं असूं द्या.